कॉलेजात असताना गोव्यात धंदा: दोन कॅलेंडरं, एक वही आणि दुसरा पावसाळा

आयडिया कशी शोधावी याबद्दल या लेखात काही नाही. आयडियांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. कोकमाचं सरबत, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान घरपोच, मोपा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात उभ्या राहिलेल्या गेस्ट हाऊसचे फोटो काढून देणं, हॉस्टेलातले लॅपटॉप दुरुस्त करणं, दहावीच्या मुलांना गणित शिकवणं. फर्मागुडीपासून साखळीपर्यंत कुठल्याही कॅन्टीनमध्ये बसा, चहा संपेपर्यंत चार-पाच तरी कानावर येतील. त्यातलं एखादं दोन वर्षांनी चालू असतं का, खरा प्रश्न हा आहे.

माझं मत असं की गोव्यात विद्यार्थ्याचा धंदा पैशावाचून क्वचित मरतो. तो मरतो परीक्षेच्या महिन्यात, नाहीतर जूनमध्ये. परीक्षेत काम कोण करणार आणि पावसाळ्यात काय विकणार, याची उत्तरं ज्याच्याकडे आहेत तो बहुतेक वेळा तगतो. बाकीच्या पायऱ्या या दोन प्रश्नांच्या आजूबाजूने येतात. तुम्ही डिग्रीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल आणि डोक्यात काहीतरी घोळत असेल, तर खालच्या क्रमाने जा.

1. ‘करायचंय’ याला वार, वेळ आणि जागा द्या

इरादा आणि कृती यांच्यातलं अंतर मानसशास्त्रात भरपूर अभ्यासलं गेलं आहे. आइसेक आयझेन यांनी 1991 साली सविस्तर मांडलेली चौकट उद्योजकता शिकवणारे आजही वापरतात. ती गोष्ट आपल्याला आवडते का, जवळची माणसं काय म्हणतील, आणि आपल्याला ती जमेल असा भरवसा वाटतो का, या तिन्हींवरून माणसाचा इरादा ठरतो. पण इरादा पक्का झाला म्हणून पाऊल पडतंच असं नाही. पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये यावर एक साधा उपाय मांडला: नुसतं ‘मी हे करीन’ म्हणण्याऐवजी ‘अमक्या वेळी, अमक्या ठिकाणी, अमकं घडलं की मी हे करीन’ असं आधीच ठरवून ठेवायचं. 2006 साली त्यांनी पास्कल शीरन यांच्यासोबत अशा 94 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. जर-तर ठरवून ठेवणाऱ्यांचं काम तडीस जाण्याचं प्रमाण त्यात चांगलंच वरचढ निघालं.

म्हणून वहीत ‘डिसेंबरात सरबत विकायला घेऊ’ असं लिहू नका. ‘येत्या शुक्रवारी सकाळी आठला म्हापशाच्या बाजारात जाऊन तीन दुकानदारांना विचारीन की ते कोकम सिरप कितीला घेतात, पहिल्याने दाद दिली नाही तर शेजारच्याकडे जाईन’ असं लिहा. हे वाक्य बालिश वाटतं. पण शुक्रवारी बस चुकली की पुढे काय, हे त्यात आधीच ठरलेलं असतं.

दुसरी गोष्ट, व्याख्यानं ऐकून धंदा येत नाही. युगांडातल्या विद्यापीठांत ‘स्टेप’ नावाचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम चालवला गेला. त्यात विद्यार्थ्यांच्या गटाला साधारण 100 डॉलर देऊन खरा धंदा करायला लावतात आणि शिकवणं त्या धंद्याच्या अडचणींभोवती फिरतं. तो केलेल्यांनी न केलेल्यांपेक्षा पुढे जास्त धंदे सुरू केले. टोगो देशात 1,500 छोट्या व्यावसायिकांवर झालेला प्रयोग 2017 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. जमाखर्च, मार्केटिंग असं नेहमीचं प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा सुमारे 11 टक्के वाढला, आणि तोही योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येईल इतका नव्हता. स्वतःहून पुढाकार घेणं, अडथळ्याची आधी तयारी ठेवणं, चिकाटी धरणं याचा सराव ज्यांच्याकडून करून घेतला त्यांचा नफा 30 टक्के वाढला. तेव्हा कॉलेजात पाच कार्यशाळा लागल्या असतील तर एकीला बसा आणि उरलेल्या चार दुपारी बाजारात काढा.

2. दोन कॅलेंडरं एकाच कागदावर काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

एक मोठा कागद घ्या, बारा रकाने पाडा. वरच्या ओळीत कॉलेज: सत्र कधी सुरू, इंटर्नल कधी, प्रॅक्टिकल कधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा, एप्रिल-मेची परीक्षा, चवथीची (गणेश चतुर्थीची) आणि दिवाळीची सुटी. खालच्या ओळीत गोव्याचा पैसा कधी फिरतो ते लिहा. पर्यटक ऑक्टोबरपासून वाढतात, नाताळ ते नवीन वर्ष हा कळस, मग कार्निव्हल आणि शिगमो. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरचे शॅक बंद. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी, म्हणजे जेटीवर अवलंबून असलेल्या घरांत हात आखडता. पण त्याच पावसाळ्याच्या शेवटी चवथ येते आणि गोव्यातला गोवेकर वर्षभरात सर्वांत मोकळ्या हाताने खर्च करतो तो तेव्हा. थंडीत गावोगावच्या जत्रा सुरू होतात, म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा पौषात, शिरगावची लईराईची वैशाखात. एप्रिल-मेमध्ये पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चालते: मिरची, चिंच, सोलं, सुकी मासळी.

आता दोन ओळी एकमेकींखाली वाचा. कोकम पिकतं एप्रिल ते जून, आणि तुमची परीक्षाही तेव्हाच. म्हणजे सरबताचा धंदा करायचा तर फळं फोडून, साखर घालून मुरवत ठेवण्याचं काम नेमकं तुम्ही युनिट पाच वाचत असताना करावं लागणार. ते कोण करणार? आई? मावशी? त्यांना त्या कामाचे पैसे देणार आहात का? की तुम्ही फळ न घेता सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या बचत गटाकडून तयार सिरप विकत घेऊन फक्त बाटलीबंद करणं आणि विक्री पाहणार? दोन्ही मार्ग चालतील. न ठरवता मे महिन्यात शिरलात तर एक तर पेपर जाईल नाहीतर फळ कुजेल.

पर्यटकांवरचा धंदाही असाच अडतो. सीझन उघडतो आणि सत्र परीक्षा येते, दोन्ही एकाच वेळी. गेस्ट हाऊसचे फोटो काढून देणाऱ्याने म्हणून सप्टेंबरातच कामं मिळवायची, कारण मालकांची रंगरंगोटी तेव्हा चालू असते आणि ऑक्टोबरात नव्या फोटोंसकट खोल्या त्यांना वेबसाइटवर हव्या असतात. फोटो काढायचे चवथीच्या सुटीत. नोव्हेंबरात फक्त पैसे गोळा करायचे.

माझा कल चवथ, जत्रा, शाळा, घरं यांच्या बाजूने आहे, म्हणजे गोवेकर गिऱ्हाइकाच्या. पर्यटक एकदा घेतो आणि जातो. बार्देशातला शेजारी पुढच्या वर्षीही तिथेच असतो आणि माल वाईट निघाला तर तेही सगळ्यांना सांगतो. शिकत असताना धंदा धरायचा तर पुन्हा येणारं गिऱ्हाईक हवं, कारण दर आठवड्याला नवीन माणूस शोधत फिरायला तुमच्याकडे वेळ नाही. किनारपट्टीच्या तालुक्यांतले काही वाचक यावर भांडतील, भांडावं.

कागदावरचा जो महिना दोन्हीकडून अडचणीचा दिसेल त्यात नाव लिहून ठेवा: त्या महिन्यात काम कोण बघणार. नाव सापडत नसेल तर तो महिना धंदा बंद राहील असं गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. आपल्याकडे दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात हे सगळे चालवून घेतात, कारण ते माहीत असतं. न सांगता गायब झालेलं मात्र कुणी चालवून घेत नाही.

3. पहिलं गिऱ्हाईक नात्यातलं नको

काकूने पाच बाटल्या घेतल्या, मित्रांनी दहा टी-शर्ट घेतले, ही विक्री वहीत वेगळ्या पानावर लिहा. ती प्रेमाची खरेदी आहे. धंदा आहे की नाही हे ओळख नसलेला माणूस पूर्ण किंमत देऊन घेतो का, यावर कळतं. आणि तोच महिन्याने परत आला तर आणखी नीट कळतं.

विचारायचं कसं? ‘तुम्ही हे घ्याल का?’ असं विचारलं तर गोव्यात माणूस नाही म्हणत नाही, ‘घेऊया की, बघूया’ म्हणतो. त्या ‘बघूया’वर आजवर बरेच धंदे उभे राहून पडले आहेत. त्यापेक्षा मागच्या वेळेचं विचारा: गेल्या चवथीला माटोळी कुठून आणली, किती पैसे गेले, काय मिळालं नाही, किती फेऱ्या झाल्या. आणि शेवटी आगाऊ थोडे पैसे मागा. पन्नास रुपये का होईना, आगाऊ देणारा माणूस शंभर तोंडी होकारांपेक्षा जास्त काही सांगून जातो.

4. वहीतला हिशेब, तुमच्या तासांसकट

एक उदाहरण मांडू. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा कोकम सिरपची 700 मिलीची बाटली 200 रुपयांना विकायची आहे. दुकानदार 25 टक्के ठेवतो, म्हणजे 50 गेले, हातात 150. कोकम, साखर आणि गॅस 72. बाटली, झाकण, लेबल 30. पेट्रोल 12. फुटलेल्या आणि परत आलेल्या बाटल्यांचे सरासरी 6. खर्च झाला 120, उरले 30. वीस बाटल्या करून पोचवायला पाच तास लागत असतील तर 600 रुपये भागिले पाच, म्हणजे तासाला 120 रुपये. आता हेच पाच तास शिकवणी घेतली असती तर किती मिळाले असते? उत्तर आवडलं नाही तरी लिहून ठेवा.

शिवाय वर्षाचे ठरलेले खर्च असतात: परवाने, तपासणी, जत्रेतल्या स्टॉलचं भाडं. ते समजा 9,000 झाले तर 300 बाटल्या विकेपर्यंत तुम्ही फुकट राबत असता. तीनशे ही संख्या समोर दिसली की बरेच निर्णय आपोआप होतात. किंमत 230 करावी का, दुकान टाळून थेट घरी पोचवावं का, मोठी बाटली काढावी का.

उधारीचं वेगळं पान ठेवा. आपल्या बाजारपेठांत ‘ठेवून जा, विकलं की पैसे ने’ ही पद्धत सर्रास आहे आणि नवख्याला ती टाळता येत नाही. पण एका दुकानात किती बाटल्या उधार ठेवायच्या याची मर्यादा आधी ठरवा, आणि मागचे पैसे मिळाल्याशिवाय पुढचा माल ठेवू नका. हॉटेलं आणि रिसॉर्टं दोन-दोन महिने लावतात. इथे एक कायदा कामाला येतो: 2006 च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघु उत्पादक किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे 45 दिवसांपलीकडे अडकवता येत नाहीत, करार नसेल तर 15 दिवस, उशीर केला तर चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. यासाठी तुमची ‘उद्यम’ (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी असावी लागते. दुसऱ्याचा माल आणून नुसता विकणाऱ्याला हे संरक्षण लागू होत नाही, ते लक्षात ठेवा. पहिल्याच बिलावर कायद्याचं कलम लिहून पाठवा असं मी म्हणत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सवाला ते बिल जरा वरच्या ढिगात ठेवतो.

5. बुडाले तर चालतील एवढेच पैसे

सरस सरस्वती या संशोधकांनी मुरलेल्या उद्योजकांच्या निर्णय घेण्याच्या पद्धतीचा अभ्यास करून 2001 मध्ये एक मांडणी केली. ही माणसं किती मिळेल याचा अंदाज बांधत बसत नाहीत. किती गेलं तर आपल्याला झेपेल ते आधी ठरवतात, आणि हाताशी जे आहे, जी माणसं ओळखीची आहेत, तिथून सुरुवात करतात. विद्यार्थ्याला याहून शहाणा नियम मिळणार नाही. तुमची झेपणारी रक्कम पाच हजार असेल तर पाच हजारांचा धंदा करा. फी भरायचे पैसे, बहिणीच्या लग्नाचे पैसे, आजीचं सोनं यांना हात नको.

घरच्यांशी बोलणं याच पायरीत येतं. गोव्यातल्या मराठी घरांत सरकारी नोकरीची ओढ किती आहे ते सांगायची गरज नाही. बाबा म्हणणार, ‘आधी पदवी घे, एखादी पोस्ट निघते का बघ, मग कर काय करायचं ते.’ त्यांच्याशी स्वप्नांवर वाद घालू नका, हरणारच. आकडा आणि तारीख सांगा: ‘सात हजारांच्या वर घालणार नाही, अमुक सत्रापर्यंत बघेन, एकही केटी लागली तर थांबेन.’ मर्यादा घालून मागितलेली परवानगी सहसा मिळते. आणि बाबा मुकाट्याने डिलिव्हरीला स्कूटरही देतात.

6. कागद: आता कुठले, नंतर कुठले

उत्साहात पहिल्याच महिन्यात प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. व्हिजिटिंग कार्डावर ‘डायरेक्टर’ छान दिसतं, पण कंपनीने एक रुपया कमावला नाही तरी दरवर्षी ऑडिट करावं लागतं आणि वार्षिक विवरणपत्रं भरावी लागतात. उशीर झाला तर एकेका फॉर्मवर दिवसाला 100 रुपये दंड साचत जातो. एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) उलाढाल 40 लाखांच्या आत आणि भांडवल 25 लाखांच्या आत असेल तर ऑडिट लागत नाही, पण उशिराचा दंड तिथेही लागतोच. एकट्याचा छोटा धंदा असेल तर सुरुवातीला प्रोप्रायटरशिप पुरते: तुमचं पॅन, वेगळं बँक खातं, त्या खात्याला जोडलेला क्यूआर कोड. खर्चाचं आणि धंद्याचं खातं एकच ठेवलं तर वहीचा काही उपयोग नाही.

वय 18 पूर्ण हवं. त्याआधी केलेला करार कायद्यात टिकत नाही.

उद्यम नोंदणी आधारवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या खासगी वेबसाइट सरकारी वाटाव्यात अशाच बनवलेल्या असतात, पत्ता नीट बघा. दुकान किंवा जागा घेऊन बसणार असाल तर पंचायतीचा किंवा पालिकेचा ट्रेड लायसन्स लागतो. पंचायतीत घरपट्टीची थकबाकी, जागामालकाचा ना-हरकत दाखला यावर फाइल अडते, तेव्हा भाड्याची बोलणी करतानाच मालकाला त्याबद्दल विचारा.

खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी घरच्या स्वयंपाकघरालाही लागते. तिचा 14 आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. लेबलवर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बॅच, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, एमआरपी, तुमचा पत्ता आणि शाकाहारी-मांसाहारी खूण हवी. पाकीटबंद मालासाठी वजन-माप खात्याकडेही नोंदणी असते. आणखी एक: ‘खोला मिरची’, ‘हरमल मिरची’, ‘मानकुराद’, ‘बेबिंका’, ‘खाजे’ ही जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली नावं आहेत. जीआयचा शिक्का वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. बाजारातून साधी लाल मिरची आणून तिच्या पुडीवर ‘खोला’ लिहिणं ही तर फसवणूकच. काजूच्या फेणीचं काही डोक्यात असेल तर आधी अबकारी खातं. पर्यटकांना गाइड म्हणून फिरवणार असाल किंवा सहली काढणार असाल तर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नाव घालावं लागतं.

जीएसटीबद्दल दोन टोकं दिसतात, कुणी उगाच घेतं, कुणी लागत असून घेत नाही. गोव्यात मालाची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आणि सेवेची 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. पण माल राज्याबाहेर विकला की ही सूट जाते, काही हस्तकला वस्तू सोडल्या तर. आपल्याला याचा फटका पटकन बसतो, कारण पेडण्यातल्या मुलाला बांदा आणि सावंतवाडी ही शेजारची गावं वाटतात. पत्रादेवीच्या पलीकडे महाराष्ट्र आहे. तिथल्या दुकानात पहिला खोका ठेवण्याआधी सीएला विचारा.

नाव आवडलं असेल आणि ते चालू लागलं असेल तर ट्रेडमार्क करा. वैयक्तिक अर्जदाराला आणि छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. पहिल्या महिन्यात याची घाई नको, नाव तीनदा बदलतं.

7. भागीदार आणि मैत्री

तिघे मित्र एकत्र येतात. एक जण बेंगळुरूला इंटर्नशिपला जातो, दुसऱ्याला मास्टर्सला परदेश मिळतो, काम उरतं तिसऱ्याच्या गळ्यात आणि नफ्याचे वाटे मात्र तीन. हे टाळायला वकील लागत नाही, एक पान पुरतं. कोणी किती पैसे घातले, आठवड्याला किती तास देणार, मधेच सोडलं तर त्याचा वाटा किती आणि कधी मिळणार, नाव आणि इन्स्टाग्राम खातं कोणाकडे राहणार. वाटा पहिल्याच दिवशी हातात देऊ नका. वर्षागणिक पिकत जाऊ दे, म्हणजे जो राहिला त्याला पूर्ण, जो पहिल्या वर्षातच गेला त्याला थोडा. धंदा जरा मोठा झाला की हेच पान भागीदारी करारात नीट उतरवून घ्या. सही करायला लाजणारा मित्र पुढे पैसे मागायलाही लाजतो असं मात्र नसतं.

8. कुणाची दारं ठोठवायची

सगळ्यात जवळचं दार तुमच्याच कॉलेजात आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या 2019 च्या नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणानुसार संस्था विद्यार्थी-उद्योजकाला सत्रातून सुटी, हजेरीत सवलत, इन्क्युबेशनमध्ये, म्हणजे संस्थेच्या आधाराने धंदा उभा करत असताना, संस्थेचा पत्ता वापरायची परवानगी असं बरंच काही देऊ शकते. ‘देऊ शकते’ हे शब्द नीट वाचा. मिळतं ते अर्ज करणाऱ्याला. बहुतेक कॉलेजांत इनोव्हेशन कौन्सिल असतं, त्याच्या समन्वयक प्राध्यापकांना लेखी अर्ज द्या. संस्थेची जागा आणि साधनं भरपूर वापरली तर बदल्यात ती 2 ते 9.5 टक्के हिस्सा मागू शकते, असंही त्याच धोरणात आहे.

बाहेर बघायचं तर फातोर्ड्याला डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातलं ‘फायर’, वेर्ण्याचं ‘सिबा’ आणि साखळीजवळ गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधलं अटल इन्क्युबेशन सेंटर ही ठिकाणं आहेत. तिथे जाताना पन्नास स्लाइड नेऊ नका. चौथ्या पायरीतली वही न्या. मला विचाराल तर इन्क्युबेटरची जागा आणि वायफाय यापेक्षा शेजारच्या टेबलावर बसणारी माणसं जास्त कामाची, कारण लेबल कुठे छापून मिळतं आणि कुठल्या हॉटेलचा खरेदी-मॅनेजर पैसे वेळेवर देतो हे त्यांना माहीत असतं.

राज्याचं स्टार्टअप धोरण 2017 पासून आहे आणि पुढे ते सुधारलं गेलं. काम माहिती तंत्रज्ञान खात्याच्या स्टार्टअप सेलमार्फत चालतं. भाडं, पगार, पेटंट यांवरची मदत या धोरणांत बरीचशी परतफेडीच्या रूपात आली आहे: आधी खर्च तुम्ही करायचा, बिलं जोडायची, मग पैसे येतात. येणाऱ्या अनुदानावर भाड्याचा करार करू नका. शिवाय स्टार्टअप म्हणून मान्यतेला प्रोप्रायटरशिप चालत नाही. मिरचीच्या पुड्या विकणाऱ्याला या रांगेत उभं राहण्याची सहसा गरजच नसते. नवं तंत्र, नवं उत्पादन असेल तर ही वाट धरा.

कर्ज हवंच असेल तर मुद्रा योजनेतला ‘शिशु’ गट 50,000 रुपयांपर्यंत आहे, तारण लागत नाही. राज्यात ईडीसी हे सरकारी वित्त महामंडळ मुख्यमंत्री रोजगार योजना चालवतं, कार्यालय पणजीत. पीएमईजीपीमध्ये (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) अनुदान 15 ते 35 टक्के, प्रवर्ग आणि गाव-शहर यांवर ठरतं. पण ती योजना नव्या युनिटसाठी आहे. आधीच धंदा चालू करून बसलात तर त्या पहिल्या अनुदानाची वाट बंद होते, म्हणून यंत्रसामग्रीचा मोठा विचार असेल तर खरेदीआधी अर्ज करा. विद्यार्थीदशेत कर्ज शक्यतो नको, असं माझं मत. हप्ता दर महिन्याला असतो आणि तुमची विक्री तशी नसते.

9. दुसरा पावसाळा आणि पदवीनंतरचा फाटा

पहिला पावसाळा उत्साहात निघतो. दुसऱ्या जूनमध्ये वही उघडून बघा: पुन्हा आलेली गिऱ्हाइकं किती, तासाला किती सुटले, परीक्षेच्या महिन्यात काम चाललं का. तासाचा आकडा पहिल्या वर्षापेक्षा वाढला असेल तर धंद्याला मूळ धरलं आहे. विक्री वाढली पण तासाचा आकडा घसरला, तर तुम्ही फक्त जास्त राबताय. किंमत बदला किंवा काहीतरी सोडून द्या. सोडून देण्यासाठी पहिला नंबर बहुतेक वेळा त्या दुकानांचा लागतो जिथे दोन बाटल्यांसाठी तीन फेऱ्या होतात.

शेवटच्या वर्षाला कॅम्पस प्लेसमेंट आणि सरकारी जाहिराती एकदमच येतात. खासगी नोकरी धरून धंदा शनिवार-रविवार चालवता येतो. फक्त नेमणूकपत्रात दुसरा व्यवसाय न करण्याची अट आहे का ते वाचा. सरकारी नोकरीचं वेगळं. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचे आचरण नियम लागू आहेत, आणि त्यांनुसार परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. पोस्ट मिळाली की धंदा बहिणीच्या नावावर करून आपणच चालवायचा, ही आपल्याकडची जुनी युक्ती पुढे चौकशीत फार महाग पडते. खरोखर बहीणच चालवणार असेल तर गोष्ट निराळी.

थांबायचं ठरलं तर नीट थांबा. जीएसटी असेल तर तो रद्द करून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावं लागतं. एलएलपी किंवा कंपनी असेल तर ती रीतसर बंद करावी लागते, नुसती सोडून दिली तर दंड वाढतच राहतो. अन्न नोंदणी परत करा, आगाऊ घेतलेले पैसे फेडा, दुकानांत पडलेला माल उचलून आणा. आणि धंदा कॉलेजाशी बांधलेला असेल, हॉस्टेलातली लॅपटॉप दुरुस्ती किंवा नोट्स छापून देण्यासारखा, तर तो बंद करण्याआधी दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुला-मुलीला विकायचा प्रयत्न करा. विकण्यासारखं बरंच असतं: हत्यारं, सुटे भाग, क्यूआरवर येणाऱ्या गिऱ्हाइकांची यादी, भाव लिहिलेली वही आणि पणजीतला तो पुरवठादार, जो ओळखीवर दहा टक्के कमी घेतो. किंमत फार येणार नाही. पण ती रोख घ्या, आणि पहिल्या महिनाभर फोन उचलायचं कबूल करा.